बाईंनी मागितलेली भेट

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही राहू गावाच्या शिवारात वस्तीवर राहतो. गाव थोडं लांब, आजूबाजूला सगळा ऊस. वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. एका खोलीत तिसरी-चौथीची पोरं हेडमास्तरांकडे, दुसऱ्या खोलीत पहिली-दुसरीची बाईंकडे. बाई रोज यवतहून स्कुटीवर यायच्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या. कुणाशी फार बोलणं नाही, कुणाच्या घरी चहा नाही. मुलगी पहिलीत होती ते सगळं वर्ष मला त्या थोड्या शिष्टच वाटायच्या.

त्या सकाळी मी जनावरांच्या घासाला पाणी धरलं होतं. नवरा दुधाचा टेम्पो घेऊन गेला होता. हेडमास्तरांचा फोन आला, "ताई, जरा शाळेत या. घाबरू नका, पण लगेच या." घाबरू नका म्हटल्यावर माणूस आधी घाबरतं. मी होते तशी, चिखलाच्या पायांनी पळत सुटले. बांधावरून शाळा समोर दिसत होती, पण काही केल्या जवळ येत नव्हती.

मुलगी पटांगणात कुशीवर पडलेली होती. डोक्याखाली बाईंच्या गाडीवरच्या कोटाची घडी. डोळे अर्धवट उघडे, तोंडाच्या कडेला फेस, घशातून घरघर. मला वाटलं, गेली. मी तिथंच मटकन बसले.

"ताई, इकडं बघा," बाई म्हणाल्या. त्या तिच्या शेजारी मातीत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून मुलीच्या बरगड्यांवर ठेवला. "श्वास चाललाय. लागतोय का हाताला? फिट आली होती. थांबलीय आता. ती थकलीय, थोडा वेळ झोपेल. हलवू नका."

बाकीची पोरं भिंतीकडं तोंड करून रांगेनं बसली होती आणि मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. माझं लेकरू असं पडलंय आणि ह्यांचे पाढे चाललेत! मागाहून कळलं की परिपाठ चालू असताना ती कोसळल्याबरोबर बाईंनीच पोरांना तसं बसवलं होतं. कुणी तिच्याकडं टक लावून बघू नये, आणि भेदरून रडारड होऊ नये म्हणून.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले एक म्हातारे आबा आले. एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात चप्पल. "व्हा बाजूला. नाकाला कांदा लावू द्या. न्हाईतर चप्पल हुंगवा, लगीच उठंल."

"आबा, कांदा नको, चप्पल पण नको," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या तोंडावर ऊन येतंय. तुमचं उपरणं धरता का सावलीला?"

आबांनी कांदा खाली टाकला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरून उभे राहिले. ती हलायला लागेपर्यंत तसेच उभे होते.

तिची चड्डी आणि फ्रॉक ओला झाला होता. फिटमध्ये तसं होतं, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंनी गाडीवर तोंडाला बांधायचा मोठा स्कार्फ तिच्या कमरेभोवती गुंडाळला आणि आम्ही दोघींनी तिला उचलून वर्गात नेलं. मी तिला मांडीवर घेऊन बसले. दारातून बाहेरचं दिसत होतं. बाईंनी टाकीवरून बादली भरून आणली आणि जिथं ती पडली होती तिथं पाणी ओतलं. मग दुसरी बादली आणली. मग तिसरी. पटांगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पाणी मारत गेल्या, सडा घालावा तसं. सगळी जमीन सारखी ओली झाल्यावर त्यांनी पोरांना सांगितलं, "आता वळा इकडं."

ती जागा आधी कशानं ओली झाली होती, ते त्या पोरांना पुढंही कधी कळलं नाही. मी मात्र ते पाहिलं. त्या वेळी आभार मानायचं मला सुचलं नाही.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, अपस्मार आहे, गोळ्या सकाळ-संध्याकाळ न चुकता द्यायच्या, शाळा बंद करायची नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवलं. त्या वाईट नव्हत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी माझं सगळं हातानं केलं होतं.

"पोरीची जात हाय," त्या म्हणाल्या. "उद्या तिला उजवायची हाय. कुठं बोलायचं न्हाई. कुणी इचारलं तर म्हणायचं, उपाशी व्हती, चक्कर आली."

"आन् शाळंत समद्यांनी बघितलं त्याचं काय आत्या?"

"पोरं इसरत्यात."

मी मान डोलावली. मलाही तेच बरं वाटत होतं.

बाईंनी मात्र मला दुसऱ्याच दिवशी बसवून सगळं विचारून घेतलं. गोळीचं नाव काय, कधी देता, झोप पुरती होते का. त्यांनी वर्गाला काही न सांगता एक खेळ शिकवला. एक पोरगं झोपायचं, बाकीच्यांनी आजूबाजूच्या पाट्या-दप्तरं दूर सारायची, त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर द्यायचं, एकानं मोठ्या माणसाला बोलवायला जायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत. पोरं आळीपाळीनं आजारी व्हायची आणि हसून लोळायची. मुलगी घरी येऊन सांगायची, "आज माझी पाळी व्हती झोपायची."

मी एकदा बाईंना विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"आधीच्या शाळेत एक पोरगा होता," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी सांगितलं नव्हतं. मला काही माहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला दाबून धरलं आणि तोंडात चमचा घातला. दात तुटला त्याचा. घरच्यांनी मग त्याला शाळेतूनच काढलं." त्यांनी स्कार्फ तोंडाला बांधायला घेतला. "पुढं काय झालं त्याचं, मला कळलं नाही." मग त्यांनी गाडीला किक मारली आणि गेल्या.

शिक्षकदिन आला. वस्तीवरच्या बायकांनी पोरांच्या हाती पेन, फुलं, प्लास्टिकची शोभेची वस्तू असं काहीबाही पाठवलं. मला एवढ्याशानं भागणार नाही असं वाटत होतं. यवतच्या बाजारपेठेत जाऊन मी एक साडी घेतली, मोरपंखी, बारीक काठाची. शाळा सुटायच्या वेळेला गेले आणि पुडकं बाईंपुढे धरलं.

त्यांनी ते हातात घेतलं, कागद बाजूला करून बघितलं, काठावरून बोट फिरवलं. मग पुन्हा नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"रंग सुंदर आहे. तुम्ही नेसा. मला घेता येत नाही ताई, आणि घ्यायची पण नाही."

"बाई, एवढ्याशाचं काय मनावर घेता? माझ्या समाधानासाठी तरी."

"नाही," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, पण पुढं बोलायला जागाही नव्हती.

मी घरी आले ती खट्टू होऊन. नवरा म्हणाला, "मग दुधाचं कॅन लावू बाईंना. रोज ताजं जाईल." तेही त्यांनी नाकारलं. उसाची मोळी नाकारली, गुऱ्हाळावरची गुळाची ढेप नाकारली. हरभऱ्याचा डहाळा तेवढा एकदा घेतला, तोही वर्गात सगळ्या पोरांना वाटून स्वतः मूठभर खाल्ला.

मग मी त्यांच्याकडं बघायला लागले. म्हणजे, ह्या बाईला खरंच काय लागतं ते. शाळेला शिपाई नव्हता. बाई पोरं यायच्या आधी येऊन स्वतः खोली झाडायच्या, पाण्याची टाकी स्वतः घासायच्या. मग शनिवारी सकाळी मी खराटा घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी त्या "अहो, कशाला" म्हणाल्या, दुसऱ्या वेळी काही म्हणाल्या नाहीत. आणखी दोघीतिघी बायका यायला लागल्या. आम्ही टाकी घासली, खिडकीतली पाखरांची घाण काढली. त्या वेळात बाई फळ्यावर पुढच्या आठवड्याचं काहीतरी लिहून काढायच्या. तेवढाच त्यांना मोकळा वेळ.

एकदा झाडता झाडता मी सहज म्हणाले, "काल हिनं आज्जीला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं. एक एक अक्षर जोडून. आत्यांनी दोनदा वाचायला लावलं."

बाईंच्या हातातला खडू थांबला. "कसं वाचलं? परत सांगा." मी परत सांगितलं. जोडाक्षराला कशी अडली, मग कशी सुटली, सासूबाईंनी काय तोंड केलं, सगळं. बाई फळ्याकडं पाठ करून ऐकत राहिल्या. "आम्हाला हे कुणी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पोरगं घरी जाऊन काय करतं, ते कधी कळतच नाही. तक्रार असली की तेवढी येते." तेव्हापासून मी त्यांना मुद्दाम सांगायला लागले. मुलगी खेळताना बाई होऊन शेळ्यांना शिकवते, भावाला हात धुवायला लावते, असलं काहीही. त्यांना ते आवडायचं, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. त्यांनी माझ्याकडून राजीखुशीनं घेतलेली ती पहिली गोष्ट.

हिवाळ्यात शाळेची सहल भुलेश्वरला गेली. मुलीला पाठवावं की नाही, ह्यावर घरात वाद झाला. बाई म्हणाल्या, "मी तिच्याजवळ बसते. तिला सोडून बाकीच्यांना नेलं तर तिला काय वाटेल?" म्हणून पाठवली. देऊळ बघून झालं, डबे खाऊन झाले आणि परतीच्या वाटेवर गाडीत तिला फिट आली. बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पोरांनी खेळात शिकलं होतं तसं भराभर दप्तरं सरकवली, सीटवर जागा केली. ती शुद्धीवर आल्यावर तिला पाणी पाजून गाडी पुढं आली. वाईट काही झालं नाही.

पण गाडीत तिसरी-चौथीचीही पोरं होती, त्यांनी हे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं आणि तो खेळही त्यांना ठाऊक नव्हता. त्यातला एक मुलगा फार घाबरला. त्याला ताप भरला, झोपेत ओरडायला लागला. त्याचे वडील शाळेच्या समितीवर होते. वस्तीवर बोलणं सुरू झालं. पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय. ते दुसऱ्या पोरांना लागतं. तिच्या डब्यातलं खाऊ देऊ नका. आणि मग अर्ज तयार झाला. आजारी मुलीला सहलीला नेऊन बाईंनी सगळ्या पोरांचा जीव धोक्यात घातला, त्यांच्यावर कारवाई व्हावी. दहाबारा जणांनी सह्या केल्या. शनिवारच्या पालकसभेत तो मांडून पुढं तालुक्याला पाठवायचा असं ठरलं. हेडमास्तर भले माणूस होते, पण त्यांना भांडण झेपायचं नाही. ते मला म्हणाले, "थोडे दिवस मुलीला घरी ठेवा ताई. वातावरण निवळू द्या."

मी तिला घरी ठेवलं. ती दप्तर भरून उंबऱ्यात बसायची.

दोन-तीन दिवसांनी, दिवस मावळायच्या सुमाराला बाईंची गाडी आमच्या अंगणात आली. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा आमच्या घरात आल्या. खुर्ची दिली तरी खाली सतरंजीवर बसल्या. मुलीला जवळ घेतलं, चहा घेतला. सासूबाई आत भाकरी थापत होत्या, नवरा दारात उभा होता.

"ताई, तुम्ही मला साडी आणली होती," बाई म्हणाल्या. "मी घेतली नाही. आज मी एक भेट मागायला आलेय."

"मागा की बाई."

"शनिवारी सभेत उभं राहून तुम्ही सांगा, हिला काय होतं ते. खरं नाव घेऊन. औषध काय चालू आहे, डॉक्टर काय म्हणाले, ते सगळं."

आतला भाकरी थापटण्याचा आवाज बंद झाला होता.

"तुम्हीच सांगा ना," मी म्हणाले. "तुम्हाला जास्त चांगलं सांगता येईल."

"मी सांगितलं तर म्हणतील, बाई स्वतःला वाचवायला बोलतायत. आणि ते खोटंही नाही, माझ्या नोकरीचा प्रश्न आहेच. पण अर्जाचं मी बघून घेईन. मला भीती वेगळी आहे. तिला तुम्ही आता घरी ठेवलंत ना, तर ती पुन्हा यायची नाही. मी हे पाहिलंय." त्या उठल्या. "जमणार नसेल तर तसं सांगा. माझा राग नाही. तुमचं घर आहे, पुढचं सगळं तुम्हाला निभवायचंय."

त्या गेल्यावर सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "बाईंला काय जातंय? त्या उद्या बदलून जातील. धाकट्याचं ठरायला लागलंय, इसरलीस का?"

मी विसरले नव्हते. माझ्या धाकट्या दिराचं लग्न शिरूर तालुक्यातल्या एका घरात ठरत आलं होतं. मुलगी पाहून झाली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. ही गोष्ट बाहेर गेली तर ते लोक काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नवरा गोठ्यात जाऊन वैरण टाकून आला. मग म्हणाला, "मी तुला बोल म्हणणार न्हाई आन् नको बी म्हणणार न्हाई. पण तू उभी राहिलीस तर मी तुझ्याजवळ उभा राहीन."

जेवताना मी मुलीला विचारलं, "तुला काय होतं ते आईनं सगळ्यांना सांगितलं तर चालंल का?"

ती भाकरी कुस्करत होती. मान वर न करता म्हणाली, "समद्यांना माहितीच हाय की. मोठ्या माणसांनाच न्हाई माहीत."

शनिवारी सभा शाळेच्या ओट्यावर भरली. नेहमी पाचसहा बायका यायच्या, त्या दिवशी सगळी वस्ती. पुरुष कडेला उभे. बाई एका कोपऱ्यात हात बांधून बसल्या होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. अर्ज वाचून झाला. हेडमास्तरांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

मी उठले. खांबाला धरलं. नवरा येऊन माझ्या मागं उभा राहिला.

"माझ्या मुलीला अपस्मार हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आपण फिट म्हणतो, मिरगी म्हणतो, ते. तिला कुणी काही केलेलं न्हाई, तिला काही लागलेलं न्हाई. डोक्यात जी वीज चालती ती मधीच जास्त होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते एकाचं दुसऱ्याला होत न्हाई. तिच्या भावाला झालं न्हाई, तो तिच्याच ताटात जेवतो. ती सकाळ-संध्याकाळ गोळी घेती. फिट आली की तिला काही कळत न्हाई आन् थांबली की ती आपल्यासारखीच असती. आम्ही हे लपवलं. बाईंनी आम्हाला कधी लपवा म्हणून सांगितलं न्हाई. सहलीला तिला मी पाठवलं, बाईंनी जबरदस्तीनं नेलं न्हाई. कुणाच्या पोराला भीती वाटली असंल तर मला वाईट वाटतं. त्यानं आमच्या घरी यावं, हिच्याबरोबर खेळावं, मग भीती जाईल." आणखी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते आठवेना. "एवढंच," म्हणून मी खाली बसले.

अर्ज देणारे ते वडील म्हणाले, "ते ठीक हाय वहिनी. पण उद्या काय झालं तर जबाबदारी कुणाची?"

तेव्हा मागून एक बाई उठल्या. वस्तीच्या तोंडावर ज्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्या मुसलमान घरातल्या भाभी. कधी सभेत बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला हाय. दौंडला असतो. लहानपणापास्नं गोळ्या घेतो. शिवणकाम करतो, दोन लेकरांचा बाप हाय. आम्हीबी कुणाला सांगितलं नव्हतं. हिनं सांगितलं म्हणून सांगते." आणि लगेच बसल्या.

मग आबा, ज्यांनी उपरणं धरलं होतं ते, ओट्याखालून म्हणाले, "जबाबदारी काय इचारतो रं? त्या दिवशी मी व्हतो. समद्यांची अक्कल बंद पडली व्हती, बाई तेवढी शुद्धीवर व्हती."

अर्ज मागं घेतला असं कुणी म्हणालं नाही. हेडमास्तरांनी तो घडी करून कपाटात ठेवला आणि तो तिथंच राहिला. सोमवारी मुलगी शाळेत गेली.

सगळं काही गोड झालं असं नाही. त्या वडिलांनी आपल्या मुलाला यवतच्या इंग्रजी शाळेत घातलं, पिवळी गाडी न्यायला यायची. काही दिवसांनी शिरूरच्या पाहुण्यांचा निरोप आला की पत्रिका जमत नाही. पत्रिका आधीच जमली होती. दीर कितीतरी दिवस घरात जेवायला उशिरा येत होता, म्हणजे माझ्यासमोर बसायला नको. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. काम सांगायचं झालं तर पोरांमार्फत सांगायच्या. त्या घरात मी तेव्हा फार एकटी होते. आपण केलं ते चुकलं की काय, असं मला कितीदा वाटून गेलं. एकदा बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं तुम्हाला हे सोसावं लागणार. तरी मागितलं मी." त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या वर्षी दिराला दुसरं स्थळ आलं. पाहुणे बैठकीत बसले, पोहे झाले. मी आत होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "आमच्या नातीला फिटं येत्यात. औषध चालू हाय, आता लई कमी झाल्यात. आधीच सांगितल्यालं बरं." माझ्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. नवरीच्या बापानं विचारलं, "शाळंत जाती का?" सासूबाई म्हणाल्या, "जाती म्हंजी? वाचून दाखवायला लावू का?" त्या घरची सून आज माझी जाऊ आहे. सासूबाईंनी मला त्यावर कधी काही म्हटलं नाही. त्या रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी भाकरी माझ्या ताटात स्वतः वाढली, एवढंच.

मुलगी चौथीत गेली आणि बाईंची बदली झाली. भीमेपलीकडं, मांडवगण फराट्याच्या बाजूला एका वस्तीशाळेवर. समितीनं शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी घेतलं, कारण ते सगळ्यांचं होतं. आम्ही बायकांनी काही आणलं नाही. मी घरोघर जाऊन एवढंच सांगून आले होते की प्रत्येकीनं बाईंना आपल्या पोराचं एक काहीतरी सांगायचं, जे त्यांना माहीत नसेल. एकेक जण उठली. कुणाचा पोरगा दारू पिऊन आलेल्या बापाला म्हणाला, बाईंना नाव सांगीन. कुणाची पोरगी झोपेत कविता म्हणते. भाभींची नात घरात सगळ्यांना कुशीवर वळवायचा खेळ शिकवते. बाई पहिल्यांदा हसत होत्या, मग खाली बघायला लागल्या, मग पदर डोळ्यांना लावून तशाच बसून राहिल्या.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला. "ताई, इथं एक मुलगी आहे. तिची आई तिला शाळेत पाठवत नाही. मी दोनदा गेले, दार उघडत नाही. तुम्ही याल का एकदा?"

नवऱ्यानं दूध लवकर पोचवून टेम्पो काढला. मुलगी म्हणाली, मीपण येते. आम्ही तिघं निघालो. भीमेवरचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना उसाच्या तोडीनंतरची उघडी रानं होती. बाई फाट्यावर उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी लांबूनच घर दाखवलं आणि म्हणाल्या, "मी येत नाही. तुम्हीच जा."

दार लोटलेलं होतं. मी हाक मारली, माझ्या मुलीलाही फिट येते म्हणून आलेय, असं बाहेरूनच सांगितलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. माझ्याहून लहान बाई, डोळ्याखाली काळं. आत चौकटीमागं एक पोर उभी होती. तिच्या आईनं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या मुलीकडं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. माझी मुलगी आता आठवीत आहे, उंच झालीय, दोन वेण्या घालते.

"हिला?" ती म्हणाली.

"व्हय, हिलाच," मी म्हणाले.

तिनं दार पुरतं उघडलं. आम्ही आत जाऊन बसलो. पाणी दिलं तिनं, मग चहा ठेवला. माझी मुलगी त्या लहान पोरीजवळ जाऊन बसली आणि तिच्या बाहुलीचं नाव विचारायला लागली. स्टोव्हवर चहा उतू जायला आला तरी तिच्या आईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं तोंडाला पदर लावला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, तिला तवा दुखत असंल का वो?"

"न्हाई," मी म्हणाले. "तिला काही कळत न्हाई. मी हिला विचारलंय."

ती रडायला लागली. मी उठून स्टोव्ह बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.